शालूबाई माझ्याशी बोलली

मित्रांनो, मला पाहून माझे नाव सांगणारे आता थोडेच उरले आहेत. परवा कोणीतरी मला शेवया करायचा साचा म्हणाले. त्याआधी एकजण उसाचा लहान चरक म्हणाला होता. मी रागावलो नाही. मी रेचा आहे, हाताने फिरवायचा एक जुना रेचा. कापसातून सरकी वेगळी करणे हे माझे काम. दोन उभे पाय, त्यांच्यामध्ये आडव्या बसवलेल्या दोन लाटा, म्हणजे गोल रूळ, एक लाकडाची आणि एक लोखंडाची, आणि उजव्या अंगाला दांडा. दांडा फिरवला की दोन्ही लाटा एकमेकींना घासत फिरतात. त्यांच्या फटीत डाव्या हाताने कापूस धरायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. एवढीच माझी विद्या.

बुलढाणा जिल्ह्यातल्या अमडापूर गावी मोतीराम सुताराने मला घडवले. बांधावरची बाभूळ तोडून त्याने ती आधी पाण्यात मुरवली, मग सावलीत वाळवली. लोखंडी लाट लोहाराकडून आली. सगळे जुळवून झाल्यावर मोतीरामने दांडा फिरवून पाहिला, तेव्हा मी जरा कुरकुरलो. ज्यांच्यासाठी मला केले त्या गोजरबाई म्हणाल्या की आवाज काढून टाक. मोतीराम म्हणाला, असू द्या, म्हणजे पुढे सून आल्यावर ती काम करते की डुलक्या घेते हे तुम्हाला स्वयंपाकघरातून कळेल. गोजरबाईंना ते पटले आणि माझी कुरकुर माझ्यापाशीच राहिली.

गोजरबाईंच्या हाताखाली माझे चांगले दिवस गेले. घरच्या कापसाची रुई मी काढली, तिच्या वाती झाल्या, गाद्या झाल्या, सूत झाले. शेजारणी आपापला कापूस घेऊन येत, माझ्याभोवती बसत, आणि जाताना माझे कौतुक करत की हा रेचा सरकी फोडत नाही.

मग खामगावला आणि इतर ठिकाणी वाफेवर चालणारी जिनं उभी राहिली. जिन म्हणजे माझीच जात, पण राक्षसाएवढी. गावातला सगळा कापूस गाड्यांत भरून तिकडे जाऊ लागला. घरी कापूस रेचणे म्हणजे वेळ घालवणे असे ठरले. मला माळ्यावर टाकले. तिथे एक फुटका कंदील, पाळण्याच्या दोऱ्या आणि मी असे आम्ही धूळ खात पडलो. गोजरबाई वारल्या तेव्हा खाली चाललेले रडणे मी माळ्यावरून ऐकले. मला खाली उतरवायची कोणाला आठवण झाली नाही.

गोजरबाईंना दोन मुलगे होते. थोरला उत्तमराव शेती पाहायचा आणि आईमागे घराचा कारभारही त्याच्याकडे आला. त्याची बायको वच्छलाबाई. धाकटा निवृत्ती अंगाने दणकट, स्वभावाने हसरा. कापसाच्या हंगामात तो खामगावला एका जिनात कामाला जाई. त्याची बायको शालूबाई सोनाळ्याची. सातपुड्याच्या पायथ्याचे ते गाव अमडापूरपासून चांगलेच लांब. त्यांची मुलगी गीता तेव्हा पाळण्यात होती.

एका हिवाळ्यात जिनातल्या यंत्राचा चामडी पट्टा तुटला आणि त्याचे टोक निवृत्तीच्या डोक्यात बसले. बरेच दिवस तो दवाखान्यात होता. मग उत्तमरावाने त्याला बैलगाडीतून घरी आणले. हात शाबूत, पाय शाबूत. पण बोलणे गेले होते. समोर ताट ठेवले तरी जेवायचे असते हे त्याच्या ध्यानात येत नसे. अंगणातल्या उन्हात बसवले तर ऊन सरकून सावली आली तरी तिथेच बसून राही. उत्तमराव गोठ्यात जाऊन रडला, असे वच्छलाबाई शेजारणीला सांगत होती.

ही गोष्ट सांगताना मला अजून कसेतरी होते. माझ्याच जातीच्या यंत्राने त्या घरच्या माणसाला जायबंदी केले होते.

शालूबाईने मला खाली काढले ते त्यानंतर. शेजारचे किसनराव म्हणाले होते की जिनातून येणारी सरकी मिसळलेली असते, पुष्कळ दाणे फुटलेले असतात, पेरली तर उगवत नाही. बियाण्यापुरता कापूस कोणी हाताने रेचून दिला तर बरे होईल. शालूबाईने ते ऐकले, माळ्यावर चढली, माझ्यावरची जाळी पुसली, लाटांच्या टोकांना तेल घातले आणि मला ओसरीवर मांडले. किसनरावांच्या कापसाचे पहिले गाठोडे आले. मी कितीतरी वर्षांनी कुरकुरलो.

त्या आवाजाने निवृत्तीने मान वळवली.

मित्रांनो, घरी आल्यापासून त्याने कशाकडेही मान वळवली नव्हती. तो उठला, आला आणि माझ्यासमोर बसला. काही दिवस नुसताच बसे. मग एकदा त्याने दांडा धरला आणि उलटा फिरवला. कापूस सगळा अडकला. शालूबाई ओरडली नाही. तिने कापूस सोडवला, त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि सुलटा फिरवला. असे रोज चालले. पुढे तो स्वतः फिरवू लागला, पण दर वेळी आधी तिने त्याचा हात दांड्यावर ठेवून द्यायचा, मगच. वच्छलाबाईने एकदा तसेच करून पाहिले, तर त्याने सरकीची टोपली भिरकावली. वच्छलाबाई म्हणाली, मले तं तो आजही पाव्हनी समजते.

तेव्हा वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालत असे. कारखान्यात काम करताना जो जायबंदी होईल त्याला मदत मिळावी असा कायदा सरकारने केला होता. मदत जिनवाल्याने भरायची आणि ती योग्य हाती पडते की नाही हे सरकारी साहेबाने पाहायचे. कामगार स्वतःच पैसे सांभाळण्यासारखा राहिला नसेल, तर घरातले जे माणूस त्याचा खरा सांभाळ करते, त्याच्या हातात ती मदत दर पंधरवड्याला द्यायची. हे सगळे किसनराव खामगावच्या बाजारातून ऐकून आले. उत्तमरावाने खटपट केली, अर्ज गेला, आणि साहेबांनी घरच्यांना खामगावला बोलावले.

आता अडचण कुठे होती ते सांगतो.

उत्तमराव वाईट माणूस नव्हता. त्याच्या मनात एवढेच होते की घराचा कारभारी मी, तेव्हा मदत माझ्या हातात यावी. त्यातून तो शेजारच्या शेताचा एक तुकडा मक्त्याने, म्हणजे भाड्याने, करणार होता. निवृत्ती आपल्याच ओसरीवर बसेल, दोन घास खाईल. आणि शालूबाईने गीताला घेऊन सोनाळ्याला माहेरी जावे. तरुण बाई, नवरा असा, गाव काहीबाही बोलते, तिचे आईबाप तिला नीट ठेवतील. यात आपण तिच्यावर उपकारच करतो आहोत असे त्याला मनापासून वाटत होते.

शालूबाईला हे नको होते. पण ती हे त्याला सांगू शकत नव्हती. आमच्याकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरा म्हणत, आणि धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यासमोर बोलायचे नाही अशी रीत होती. तो ओसरीवर आला की खाकरायचा, ती पदर पुढे ओढून आत जायची. इतकी वर्षे एका घरात राहून त्याने तिचा चेहरा धड पाहिला नव्हता आणि तिचा आवाज फक्त भिंतीपलीकडून ऐकला होता.

खामगावला साहेबांनी तिला विचारले, बाई, तुमचे काय म्हणणे? बाजूला उत्तमराव उभा होता. ती पदरात गप्प उभी राहिली. साहेबांनी पुन्हा विचारले. ती गप्पच. तिथल्या लोकांनी समजूत करून घेतली की बाईला काही म्हणायचे नाही. उत्तमरावालाही तेच वाटले. परत येताना गाडीत तो सोबत आलेल्या किसनरावांना म्हणाला की आमच्या घरची लक्ष्मी आहे, भर कचेरीत तोंडातून शब्द काढला नाही. त्याला तिचा अभिमान वाटत होता. गाडीच्या मागच्या बाजूला ती गीताला मांडीवर घेऊन बसली होती आणि ऐकत होती.

हे मला कसे माहीत, असे तुम्ही विचाराल. तिनेच सांगितले. दुसऱ्या दिवशी निवृत्तीचा हात दांड्यावर ठेवून ती सगळे बोलली. घरात ती मोकळेपणी बोलत असे ते आम्हा दोघांशीच, आणि आम्ही दोघेही उत्तर देणारे नव्हतो.

साहेबांनी मात्र निकाल दिला नव्हता. एक माणूस घरी येऊन पाहून जाईल असे ते म्हणाले होते. तो माणूस चैत्रात आला. लक्ष्मीकांतराव नावाचे बुलढाण्याकडचे कारकून, काळी टोपी, बगलेत छत्री, धोतराला वाटेतली धूळ. त्यांना ओसरीवर बाज टाकून बसवले. पाणी झाले, चहा झाला. उत्तमराव समोर बसला. वच्छलाबाई दाराच्या चौकटीपाशी, आणि तिच्या मागे अंधारात शालूबाई. मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला होतो. निवृत्ती खांबाला टेकून बसला होता.

लक्ष्मीकांतरावांनी विचारायला सुरुवात केली. कारभार कोणाकडे, शेत किती, घरात माणसे किती. उत्तमराव पटापट सांगत गेला. मग ते म्हणाले, "आता मला सांगा, यांना अंघोळ कोण घालतं?"

"घरातलेच घालतात."

"घरातले म्हणजे कोण?"

उत्तमरावाने बायकोकडे पाहिले. "बायाच घालतीन ना साहेब. म्या काई पाह्याले नाई बसत."

"बरं. जेवू कोण घालतं?"

"तेच."

लक्ष्मीकांतराव म्हणाले की मग मला त्या बायकांनाच विचारायला हवे, आणि यांच्या पत्नीला आधी. उत्तमराव म्हणाला की विचारा, पण ती माझ्यासमोर बोलायची नाही, आमच्यात तशी रीत नाही. लक्ष्मीकांतराव म्हणाले की तुम्ही घटकाभर बाहेर जा. उत्तमराव जागचा हलला नाही. परक्या माणसासमोर घरची बाई एकटी सोडून कारभारी बाहेर गेला, हेही रीतीत बसत नाही असे त्याने सांगितले.

लक्ष्मीकांतरावांनी टोपी काढून डोके पुसले. "म्हणजे तुम्ही असलात तर ती बोलणार नाही, आणि तुम्ही नसलात तर तिनं बोलायचं नाही."

"हाव," उत्तमराव म्हणाला. त्याला त्यात काही वावगे दिसले नाही.

शेवटी वच्छलाबाईने मध्यस्थी पत्करली. शालूबाईने तिच्या कानात सांगायचे आणि वच्छलाबाईने मोठ्याने बोलायचे. शालूबाई कानाशी लागली. बराच वेळ कुजबुजत होती. तिच्या हातातल्या बांगड्या मध्येच वाजत होत्या, म्हणजे ती हात करून सांगत असावी. मग वच्छलाबाई पुढे वळून म्हणाली, "ते म्हन्ते, मोठे दादा करतीन ते खरं."

लक्ष्मीकांतराव तिच्याकडे बघत राहिले. "एवढा वेळ सांगितलं, आणि एवढंच निघालं?"

"बाकीचं बायकाचं होतं साहेब. तुमच्या कामाचं नाई."

किसनराव अंगणात उभे होते, त्यांना हसू आवरेना. उत्तमरावाने त्यांच्याकडे रागाने पाहिले. लक्ष्मीकांतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी छत्री उचलली. म्हणाले, की मी काय करू, बाई बोलल्या नाहीत असेच मला वर सांगावे लागेल, आणि मग साहेब कारभाऱ्यांच्या हातीच मदत देतील. आता पुन्हा कोणी विचारायला येणार नाही.

ते उठले.

आमच्या गावाकडे अशा घरांमधून एक पळवाट असते, मित्रांनो. ज्याच्याशी बोलायचे नाही त्याला काही कळवायचेच असेल, तर बाई दुसऱ्याच कशाला तरी सांगते. पाळण्यातल्या मुलीला सांगते की बाळ, ताट वाढले गं. मांजराला सांगते की मने, विहिरीचा दोर तुटला. ऐकणारा ऐकतो, आणि रीतही मोडत नाही. पण ते ताटापुरते आणि दोरापुरते. आपल्या मनातले कोणी असे सांगत नसे.

शालूबाई दारातून बाहेर आली. पदर नाकाच्या खाली आलेला. ती पाहुण्यांकडे वळली नाही, भासऱ्याकडे वळली नाही. सरळ ओसरीच्या टोकाला येऊन माझ्यासमोर बसली, त्या सगळ्यांकडे पाठ करून. टोपलीतला कापूस घेतला आणि दांडा फिरवला. मी कुरकुरलो. बाई कामाला बसली, तिला कोण अडवणार?

"रेच्या," ती म्हणाली, "तुले तं मालूम हाय."

तिचा आवाज बारीक होता. लक्ष्मीकांतराव उभ्याचे पुन्हा बाजेवर बसले.

"ह्यायले भाकर दुधात कुसकरून द्या लागते. तुकडा मोठा झाला का घशात अडकते. पानी आंगावर एकदम टाकलं का ह्यायले वाटते पट्टाच तुटला, आन् मंग दिवसभर थरथर करतात. म्हून आधी पायावर टाका लागते, मंग हातावर. हे कोनाले मालूम हाय, रेच्या? तुले मालूम हाय अन् मले मालूम हाय."

दांडा फिरत होता.

"मोठे दादा वाईट नाईत. त्यायनं आमाले उपाशी नाई ठेवलं. पन मी बोलत नाई म्हंजे मले काई पाह्यजेत नाई, असं त्यायले वाटते. मले सोनाळ्याले नाई जायाचं. माय-बापाचं घर चांगलंच हाय. पन मी तिकडं गेली तं इकडं ह्यायचा हात तुह्या दांड्यावर कोन ठेवून देईन?"

खांबाला टेकलेला निवृत्ती तेवढ्यात उठला. माझा आवाज सुरू झाला की तो येतच असे. तो तिच्या शेजारी बसला. तिने त्याचा हात दांड्यावर ठेवला, वर आपला ठेवला, एक फेरी दिली आणि आपला हात काढून घेतला. तो फिरवत राहिला. ती कापूस लावू लागली. रुई पलीकडे पडत होती आणि सरकी अलीकडे.

मला वाटले आता संपले. तेवढ्यात लक्ष्मीकांतरावांनी घसा साफ केला. त्यांनी शालूबाईकडे पाहिले नाही. छत्रीवर हात ठेवून ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "रेच्या, मग माझ्या वतीनं इतकंच विचार, की मदत बाईंच्या हाती आली तर त्या काय करतील?"

मित्रांनो, सरकारी माणसाने माझ्याशी बोलण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

"रेच्या, त्यायले सांग," शालूबाई म्हणाली, "ह्यायले खामगावच्या डाक्टरले दाखवीन. दूध लावीन. अन् एक रेचा अजून करून घेईन. बियान्याचं काम हाय गावात. हे एकावर बसतीन, मी एकावर बसीन."

"बाई, लाकडाले वाचा फुटली," वच्छलाबाई पुटपुटली. पण कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही, कारण उत्तमराव उठून उभा राहिला होता.

तो ओसरीवरून दोन पावले पुढे आला आणि थांबला. सगळ्यांना वाटले आता हा चिडणार. त्याच्या भावाच्या बायकोने परक्यासमोर, गावासमोर तोंड उघडले होते. तो माझ्याकडे बघत होता. दांडा फिरवणाऱ्या आपल्या भावाच्या हाताकडे बघत होता. तो रोज दिवस उगवताच शेतात जाई आणि दिवस बुडाल्यावर येई. हा हात असा काम करताना त्याने पाहिलाच नव्हता.

"रेच्या," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज नेहमीचा नव्हता, "हे आजवर काऊन नाई सांगतलं?"

दांड्याची एक फेरी झाली.

"रेच्या," ती म्हणाली, "आजवर इचारलं कोनं?"

उत्तमराव लक्ष्मीकांतरावांकडे वळला आणि म्हणाला, "साहेब, तिच्या नावानं लिहा." एवढे बोलून तो अंगणात उतरला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेला. बैलांनी नुकतेच पाणी प्यायले होते. किसनरावांनी तसे सांगितलेही, पण तो थांबला नाही.

साहेबांचा हुकूम आला तेव्हा शेतांत पेरणीची तयारी चालली होती. मदत शालूबाईच्या हातात द्यायची, असे ठरले होते. पहिल्या वेळी खामगावला जायला उत्तमरावाने स्वतः गाडी जुंपली. गाडीत खाली कडबा अंथरला, त्यावर गोधडी टाकली, कारण निवृत्तीला धक्के सोसत नसत. गोधडी टाकायचे कोणी त्याला सांगितले नव्हते.

तिथे काय झाले ते शालूबाईने आल्यावर मला सांगितले. कचेरीत भिंतीतल्या खिडकीमागे एक कारकून बसला होता. त्याने विचारले की निवृत्तीचा सांभाळ कोण करते? ती पदर धरून उभी. शेजारी उत्तमराव. इथे मी नव्हतो. मांजर नव्हते, पाळणा नव्हता. कारकुनाने दुसऱ्यांदा विचारले. तेव्हा उत्तमरावाने काही न बोलता तिच्याकडे आणि खिडकीकडे पाठ केली. समोरच्या लिंबावर काहीतरी पाहण्यासारखे असल्यासारखा तो तिकडे तोंड करून उभा राहिला. भर गर्दीत, कारभारी माणूस, झाडाकडे बघत.

"मी," शालूबाई खिडकीत म्हणाली. "मीच करतो."

तिने हे मला सांगितले तेव्हा ती हसत होती. मी तिला पहिल्यांदाच हसताना ऐकले.

पुढची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली. दुसरा रेचा झाला, मोतीरामच्या मुलाने केला, पण तो रेचा जरा लंगडा होता आणि मला माझ्या वयाचा अभिमान वाटला. पेरणीच्या आधी अमडापूर आणि आसपासचे शेतकरी कापूस आणून देत आणि अख्खी, न फुटलेली सरकी बियाण्याला घेऊन जात. निवृत्ती दिवसभर माझ्यावर बसे. त्याचे बोलणे परत आले नाही. पण हळूहळू तो स्वतः जेवू लागला, अंगावर पाणी घेऊ लागला, आणि गीता चालायला लागल्यावर तिचे बोट धरून किसनरावांच्या ओट्यापर्यंत जाऊ लागला. कोण कोणाला नेत होते हे सांगणे कठीण होते. ऊन सरकले की आता तो आपणहून जागा बदलत असे.

उत्तमराव आणि शालूबाई समोरासमोर कधीच बोलले नाहीत. तेवढे ते दोघेही त्या काळाचे होते. पण ओसरीवर येऊन तो माझ्याकडे पाहून म्हणे, रेच्या, उद्या गाडी खामगावला जाऊन राह्यली, डाक्टरकडं जायाचं असंन तं सांग. आणि ती म्हणे, रेच्या, आज निंबाच्या झाडाखाली गडी झोपला होता, मोठ्या दादाले सांग. असा सारा कारभार माझ्यावरून जाऊ लागला. पुढे पुढे वच्छलाबाईही यायची. तिला नवऱ्याशी बोलायला कोणाची आडकाठी नव्हती, तरी त्याच्याबद्दलची गाऱ्हाणी ती मलाच सांगायची, आणि तो ओसरीवर असतानाच सांगायची.

आता ती माणसे नाहीत. बियाणे पिशव्यांतून मिळते. गीताच्या नातवंडांच्या घरी एका कोपऱ्यात मी उभा असतो. माझ्या एका पायाला वाळवी लागली आहे. लोखंडी लाटेवर गंज आहे. कोणी माझ्यावर ओले कपडे वाळत टाकते. मी तक्रार करत नाही, पण थोडे तेल मिळाले आणि वाळवी झटकली गेली तर मी अजून टिकेन, एवढे सांगून ठेवतो.

माझी खरी विनंती दुसरीच आहे. मित्रांनो, तुमच्याही गल्लीत, तुमच्याही नात्यात कोणी काम करताना जायबंदी झालेले असेल. सरकार अशा माणसांसाठी मदत देते, पूर्वीही देत होते. ती आणायला घरातला मोठा माणूस कचेरीत जातो, कागद करतो, ते चांगलेच आहे. पण घरात आणखी एक माणूस असते. घास कुसकरणारे, पाणी आधी पायावर टाकणारे. बहुतेक वेळा ते गप्प असते. ते गप्प आहे म्हणून त्याला काही नको आहे, असे समजू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा. तुमच्यासमोर बोलायला त्याला जड जात असेल, तर थोडी पाठ फिरवा, झाडाकडे बघा, आणि ऐका.